नवव्या ग्रीनचा उतार

होळी होऊन गेल्यावरच्या एका सकाळी जयवंतीने नवव्या ग्रीनवर रोजच्यासारखा चेंडू सोडला, आणि तो दरीकडे न जाता डोंगराकडे वळून थांबला. झालं ते एवढंच. तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात येण्यासारखंही ते नव्हतं. ग्रीन म्हणजे गोल्फच्या मैदानातला तो शेवटचा, अगदी जमिनीसरसा कापलेला गोल तुकडा, ज्याच्या मध्ये चेंडू पडायचं भोक असतं. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या खांद्यावर वसवलेल्या त्या क्लबात अशी नऊ ग्रीन होती आणि त्यांची निगा, आजारपण, जगणंमरणं सगळं जयवंतीच्या हातात होतं. ती स्वतः कधी खेळली नाही. पण सकाळची कापणी झाली की प्रत्येक ग्रीनवर वाकून ती एक चेंडू हाताने घरंगळत सोडायची. तो कुठवर जातो, कुठे रेंगाळतो, यावरून तिला गवताची तब्येत कळायची. आई मुलाच्या कपाळाला हात लावते तसं ते होतं. नवव्यावरचा चेंडू तर डोळे मिटले तरी तिला दिसायचा. आधी सरळ, मग आळसावल्यासारखा डावीकडे, दरीच्या अंगाला. पाहुणे त्या उताराला शिव्या घालायचे आणि तिला ते आवडायचं. आज तो मध्येच अडखळला, मागून हाक आल्यावर माणूस वळतं तसा किंचित वळला आणि थबकला. तिने तो उचलला, ओढणीला पुसला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. सकाळ अजून गार होती, पण तिच्या मानेला घाम फुटला.

"काय झाला, बाय?" नवसूने कापणीचं यंत्र बंद करून विचारलं. नवसू खालच्या करवंदपाड्यातला. मैदान झालं तेव्हापासून तो इथे होता. त्याची बायको भागी बाकीच्या बायांबरोबर तण काढायला यायची.

"काही नाही. दव राहिलंय."

"दव कुठला आता? होली जलली."

तो हसला आणि यंत्र ढकलत पुढे गेला. जयवंती मात्र तिथेच उभी राहिली. पायाखालची जमीन नेहमीसारखी होती. मऊ, किंचित ओली, हिरवीगार. तिने दोन्ही पायांवर सारखा भार टाकून पाहिला, एक डोळा मिटून भोकाकडे पाहिलं, मग आपण काय करतोय हे कोणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. स्वतःच्या जाणिवेवर भरवसा ठेवायची तिला भीती वाटायची. ठाण्यात असताना एका संध्याकाळी तिला गॅसचा वास आला होता. घरभर, जिन्यात, वरच्या मजल्यावरही. तिने दारं बडवून अख्खी इमारत खाली उतरवली. आजारी म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून आणलं लोकांनी. गॅस कंपनीचा माणूस आला, त्याने प्रत्येक स्वयंपाकघर तपासलं. काहीच नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने जिन्यात भेटणारा प्रत्येक जण नाक वर करून हुंगल्यासारखं करायचा आणि हसायचा. रोहिदास, तिचा नवरा, तोही हसायचा, प्रेमानेच. "तुझं नाक फार पुढचं आहे," म्हणायचा. वास आला होता हे तिला आजही पक्कं माहीत होतं, आणि तो नव्हता हेही. या दोन गोष्टी तिच्या आत शेजारी शेजारी राहत होत्या, एकमेकींशी न बोलता.

तिचं सगळं आयुष्यच गवताने उलटंपालटं केलं होतं. मैदानावर पसरलेलं हे गवत शेवटी हरळीच्याच जातीचं. बाहेरून आलेलं, बारीक पात्याचं, नाजूक. आणि तिचे आजोबा मोखाड्याकडच्या आपल्या वावरात जन्मभर हरळीशी भांडत आले होते. कुदळीने मुळं उपसायची, बांधावर वाळत घालायची, वाळली की जाळायची, आणि तरी पाऊस पडला की ती नागलीच्या ओळीत पुन्हा हजर. वडील मास्तर झाले, वांगणीच्या बाजूच्या शाळेत होते. जयवंती शेतकी शिकली, मुंबईतल्या जुन्या गोल्फच्या मैदानावर लागली, मग ठाण्याचा संसार, मुलगी, आणि इथे क्लब उभा राहिल्यावर बढतीची नोकरी. रोहिदास आणि करिष्मा ठाण्यात, ती इथे क्वार्टरमध्ये, पंधरवड्यातून एकदा घरी. आजोबा असते तर म्हणाले असते, पोरीने हरळी पोसायची नोकरी धरली. ती पोसत होतीच. थंडीत हरळी झोपते, पिवळी पडते. पाहुण्यांना पिवळं चालत नाही म्हणून वरून थंडीतलं गवत पेरायचं. उन्हाळ्यात ग्रीनच्या अंगभर भोकं पाडायची, त्यांत वाळू लोटायची, म्हणजे मुळांना श्वास मिळतो. पावसात बुरशीशी झुंज. दसऱ्यानंतर जो महिना यायचा तेवढाच सुखाचा. तेव्हा ग्रीनवर तळवा टेकला की कोवळ्या जावळावर हात ठेवल्यासारखं वाटायचं.

गेल्या थंडीत एक सुधारणा झाली होती. उन्हाळ्यात पाणी पुरत नव्हतं म्हणून नवव्या ग्रीनच्या वर, डोंगराच्या सपाटीवर, तळं खोदलं. पोकलेन कितीतरी दिवस घरघरत होतं. निघालेली माती आणि दगड ग्रीनच्या दरीकडच्या कडेला लोटून जागा रुंद केली, तळाला काळं प्लास्टिक अंथरलं, कडेने गवत लावलं. मॅनेजर पंकज खूश होता. तो कल्याणचा, तरुण, सतत फोनवर, पण माणूस वाईट नव्हता. बायांना उन्हात ताक द्यायची पद्धत त्यानेच सुरू केली होती. तळं भरलं त्या दिवशी त्याने सगळ्यांना पेढे वाटले. पाण्यात डोंगर उलटा दिसत होता. त्या पाण्याच्या बरोब्बर खाली ग्रीन, ग्रीनच्या खाली उतार, आणि उताराच्या पायथ्याशी करवंदपाडा, ही ओळ जयवंतीने तेव्हाही पाहिली होती. पण पाहणं आणि दिसणं वेगळं.

चेंडू वळला त्यानंतरच्या आठवड्यात तिला भेग सापडली. ग्रीनच्या मागच्या अंगाला, डोंगराकडे, जिथे छोटं गवत संपून मोठं सुरू होतं तिथे. केसाएवढी, चंद्रकोरीसारखी वळत गेलेली. उन्हाळ्यात जमीन तडकतेच, असं तिने स्वतःला सांगितलं. मग गुडघ्यांवर बसून तिने भेगेत करंगळी घातली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि बोटाला आतून गार लागलं. नुसतं गार नाही, हवा होती ती. खालून वर येणारी, ओलसर, बंद खोलीचं दार किलकिलं केल्यावर येते तशी. तिने बोट झटकन बाहेर काढलं. नंतर कितीतरी वेळ ते बोट तिला आपलं वाटेना.

पंकज आला, वाकला, फोनवर फोटो काढला. ज्याने तळं बांधलं होतं त्या ठेकेदाराचा इंजिनिअर जीपने आला. उन्हाचा चष्मा न काढता त्याने भेगेवर बूट घासला. "नवीन भराव आहे मॅडम, पहिल्या वर्षी बसतोच. वाळू भरून घ्या. पावसात दाबून बसेल."

"आतून हवा येतेय."

"हवा?" तो पंकजकडे पाहून हसला. त्या हसण्यात जिन्यातली सगळी नाकं होती. जयवंतीने करंगळी ओढणीत गुंडाळली.

वाळू भरायला पाड्यातल्या बाया आल्या. डोक्यावर घमेली, ओळीने. भागी पुढे होती. बुटकी, काटक, सदा काहीतरी पुटपुटणारी. वाळू भेगेत जात राहिली. एक घमेलं, दुसरं, आणखी ओळ फिरून आली तरी वाळू वर दिसेना. आत कुठेतरी ती सरसरत उतरत होती, आणि उतरल्याचा आवाज थांबायचा नाही, फक्त लांब लांब जायचा.

"किती खाते!" भागी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "पोट हाय का काय हिला?"

बाया हसल्या. जयवंतीही हसली. शेवटी वाळू वर आली. पाणी मारलं, दाबलं, पुन्हा भरलं. मग जयवंतीने राखीव वाफ्यातून गवताचे पट्टे कापून आणले आणि स्वतःच्या हाताने बसवले. कडेला कड, मुळाला माती, सुरीच्या टोकाने सांधे बुजवत. असं काम करताना तिला जगाचा विसर पडायचा. तिच्या बोटांना जे येत होतं ते फार थोड्यांना येत असेल, हे तिला माहीत होतं आणि त्याचं सुखही होतं. वैशाख संपता संपता तिथे काही झालं होतं असं कोणी म्हटलं नसतं. एका सकाळी तिने मुद्दाम भेगेची जागा शोधली आणि तिची तिलाच सापडेना. तेव्हा तिला अभिमान वाटला. आणि तरी ग्रीन ओलांडताना ती त्या बाजूने न जाता वळसा घालून गेली.

आषाढ लागला. मैदान तुडुंब हिरवं झालं. खेळणारे कमी, पण धबधबे बघायला दाभोशाला आलेले लोक मुक्कामाला असायचे आणि काचेच्या जेवणघरातून त्यांना समोर हिरवं दिसावं लागायचं. जयवंती गमबूट घालून धुक्यात फिरे. बुरशीचे तपकिरी डाग, फसलेली चाकं, भोकात बसलेले बेडूक. बाकीच्या आठ ग्रीनवरचं पाणी जिकडे जायला हवं तिकडे जात होतं. नवव्यावर मात्र ते मागे, डोंगराच्या बाजूला साचत होतं, नेमकं चंद्रकोरीसारखं. आणि सकाळी साचलेलं दुपारी नसायचं. ऊन नव्हतं, वारा नव्हता. कुठे जात होतं? तिने रोहिदासला संध्याकाळी फोनवर सांगितलं.

"इंजिनिअरने पाहिलंय ना?" तो म्हणाला.

"पाहिलंय."

"मग? जयू, तू थकलीयेस. रविवारी ये घरी. करिष्मा वाट बघतेय."

तो समजुतीनेच बोलत होता, म्हणूनच तिला पुढे काही सांगता येईना. वरच्या तळ्यावर पाऊस पडत असल्याचा आवाज तिला क्वार्टरमध्ये ऐकू यायचा. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नव्हतं, हेही तिला कळत होतं.

श्रावणात भागी कामाला येईनाशी झाली. लावणी आटोपली होती, मग का येत नाही म्हणून जयवंती एका सकाळी पायवाटेने पाड्यात उतरली. उताराची वाट तिच्या ओळखीची होती, पण त्या दिवशी ती प्रत्येक झाड नीट बघत उतरली. ऐनाची झाडं डोंगराकडे कलली होती. सगळी नव्हे, एका पट्ट्यातली. त्यांचे शेंडे मागे झुकलेले, घरी कोणी बोलावलंय की काय हे बघत असल्यासारखे. पाड्यात कुडाची घरं, काही सिमेंटची, परसात चवळीचे वेल, कोंबड्या. भागी दारातच होती. दाराच्या फळीला खांदा लावून ती ढकलत होती.

"काय झालं, भागीबाय?"

"लागत नाय. होलीपासून अडतो. नवसूनं दोनदा तासला, पुना अडतो." ती बाजूला झाली. "ये, आत ये. बस. पाय भिजतील पण."

आत चुलीच्या मागे, कुडाच्या बुडातून पाण्याची बारीक धार येत होती. भागीने तिला चर काढून बाहेर वाट करून दिली होती. पाणी स्वच्छ होतं, गार होतं. चूल कोपऱ्यातून उचलून मध्ये आणली होती.

"हे कधीपासून?"

"चार-पाच दिस झालं. आधी झऱ्याला गढूल आला, मंग हिकडं फुटला. धोंडीबाई बोलते देवाचा पानी हाय, पूजा कर." भागी हसली नाही. "मी कामाला कशी येऊ? मागं पोरा असतात, भीती वाटते."

जयवंतीने त्या धारेखाली हात धरला. पाण्याबरोबर बारीक काहीतरी तळव्यावर जमलं. तिने ते बोटांत चोळलं. पांढरट, गोल कणांची, चाळून घेतलेली वाळू. असली वाळू या डोंगरात कुठेच नव्हती. ती ट्रकने आली होती, बायांच्या डोक्यावरून गेली होती. भागीने तिच्या तळव्याकडे पाहिलं, मग वर, डोंगराकडे. चुलीवर कोरा चहा उतू गेला तेव्हा भागीने पदराने पातेलं उचललं.

"मावशे, उठा इथून," जयवंती म्हणाली. भागीला मावशी म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती. "आजच. आश्रमशाळेत जा सगळे. दरीच्या पलीकडे, उंचावर आहे ती, धोका नाही."

बातमी चहा पिऊन होईपर्यंत पाडाभर झाली. लोक अंगणात जमले. नवसू डोकं खाजवत होता. धोंडीबाई, पाड्यातली सगळ्यात म्हातारी, उंबऱ्यात बसून म्हणाली, "दर पावसात कोनीतरी येतो नि उठा बोलतो. धरनाच्या वक्ताला आलं, जंगलवालं आलं. आमी उठलो का जागा त्यांची."

"माझी नाही होणार जागा, आजी. मला काय करायची?"

"तुजी नाय. तुज्या सायबाची." म्हातारी रागावली नव्हती. "त्या साली वावर-वांगणीला भुकेनं पोरा मेली, तवा मेल्यावर गाड्या आल्या. आदी कोन आला?"

जयवंतीला वडील आठवले. त्या साली ती फार लहान होती. वडील शाळेतून येऊन अंगणात बसायचे आणि कितीतरी वेळ चप्पल काढायचे नाहीत. त्यांनी वर्गात कमी कमी होत जाणारी मुलं पाहिली होती, वर कळवलंही होतं, आणि नंतर गाड्यांतून आलेल्यांनी त्यांनाच विचारलं होतं की मास्तर, तुम्ही सांगितलं का नाही. ते पुढे कधीच काही ठामपणे बोलले नाहीत. "असेल," म्हणायचे. "असेलही."

"भेग कुठं हाय?" नवसूने विचारलं. "मी रोज कापतो तिथं. मला नाय दिसत."

"आपणच बुजवली ना ती."

"मंग बुजली," एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. वर धुक्यातून नवव्या ग्रीनची कड दिसत होती. इतकी नितळ, इतकी सुरेख, की तिथे काही वाईट असेल असं कोणाला वाटावं?

पंकजनेही तेच म्हटलं. तो ग्रीनवर छत्री धरून उभा राहिला, बूट आपटून पाहिला. "जयवंती मॅडम, मला काहीच दिसत नाहीये. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, सगळ्या खोल्या भरल्यात. तळं रिकामं करा म्हणता, पाड्याला हलवा म्हणता. मी वर काय सांगू? मॅडमना वाटतंय?"

वाटतंय. तो शब्द तिच्यापुरताच बनवला असावा. ती क्वार्टरमध्ये गेली, भिजलेल्या कपड्यांनिशी कॉटवर बसली. आपल्याला वाटतंय, असेलही, नसेलही. दारं बडवायची, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून उतरवायचं, आणि मग काहीच नाही. मग धोंडीबाई हसेल. हसू दे. पण त्यानंतर पुढच्या वेळी कोणी खरंच ओरडलं तर? तिने तळवा उघडला. वाळूचे कण अजून रेघांत अडकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस बारीक झाला होता. जेवणघरात नाश्ता चालू होता. गवताचे पट्टे उचलायचं रुंद पात्याचं फावडं खांद्यावर टाकून जयवंती नवव्या ग्रीनवर गेली. तिने भोकातला झेंडा काढून बाजूला ठेवला. का कोण जाणे, चपला काढून माणूस देवळात जातं तसे तिने गमबूटही काढले. मग फावडं घातलं. पहिला पट्टा निघाला तेव्हा मुळं तुटल्याचा चरचर आवाज झाला आणि तिच्या दातांत सणक गेली. चार वर्षांत तिने या गवतावर टाचेचा ठसाही उमटू दिला नव्हता. ती उलटत गेली, पट्टा, पट्टा, पट्टा, हिरवं खाली, काळं वर. काचेमागे कोणीतरी उठून उभं राहिलं. कोणीतरी फोन धरला. नवसू धावत आला, "बाय! बाय, काय करता!" आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच दुसरं फावडं आणलं.

पंकज पोचला तोवर चंद्रकोर उघडी पडली होती. वाळूचा थर कधीच आत बसून गेला होता. गवताची मुळं पोकळीवर जाळ्यासारखी ताणून उभी होती. भेगेत आता हात कोपरापर्यंत जात होता. डोंगराकडची कड वर होती आणि ग्रीनची कड विटेएवढी खाली. आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता.

पंकजने छत्री मिटली. पावसात तसाच उभा राहिला. "तळ्याचा पंप सुरू करा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "दुसऱ्या अंगाला, नाल्यात सोडा सगळं." मग फोन कानाला लावून तो पळत सुटला. नवसू पाड्याकडे गेला. थोड्या वेळाने पाड्यातली माणसं पायवाटेने वर आली, एकामागून एक भेगेपाशी वाकली, आत पाहिलं आणि खाली सामान बांधायला गेली. धोंडीबाईला दोघांनी उचलून आणलं. तिनेही आत पाहिलं. तिने आत एक खडा टाकला आणि कान देऊन बसली. मग म्हणाली, "चला."

आश्रमशाळेच्या सभागृहात घोंगड्या, पातेली, कोंबड्यांची खुराडी, रडकी पोरं. क्लब रिकामा झाला. तहसीलची माणसं येऊन पाहून गेली, परत जाऊ नका म्हणाली. पंकज रोज तांदूळ-डाळ पाठवत होता. पहिले दोन दिवस सगळे दबून होते. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. चौथ्या दिवशी ऊन पडलं. डोंगर होता तिथे होता. शाळेच्या मैदानातून दरीपलीकडे तो उतार समोर दिसायचा. त्यावर हिरव्यागार ऐनांचा पट्टा, वर उलटवलेल्या ग्रीनचा काळा डाग, खाली घरं. माणसं आधी नुसती बघायची, मग कुजबुजायची. कोणाचं भात गाभ्यावर आलं होतं, कोणाच्या चवळीला माकडं लागली होती. दिवसा जाऊन यायला काय हरकत आहे? पुरुष जायला लागले. नवसूही जायचा. जयवंती दारात आडवी यायची, "नवसूदादा, नको," आणि तो ओशाळून म्हणायचा, "बैलांना पाला टाकतो नि येतो, बाय." बाया तिला जेवायला वाढायच्या, पण आता कोणी तिच्याजवळ बसत नव्हतं. एका पोराने दुसऱ्याला म्हटलेलं तिने ऐकलं, "डोंगर पडला, डोंगर पडला!" आणि दोघं खिदळत लोळले. तिचा डोळा लागत नव्हता. जराशी गुंगी आली की ती दचकून उठायची आणि दरीपलीकडे बघायची. आणि त्या ताटकळण्यात, पाचव्या की सहाव्या दिवशी, तिला आपल्या मनातलं खरं वाक्य ऐकू आलं. ते वाक्य होतं, पड. ती दोन्ही हात कानांवर ठेवून बसली, पण ते कानांतून येत नव्हतंच. पड ना. पड एकदाचा. ती डोंगराला आर्जवं करत होती, आणि खाली घरं होती. ज्यांत तिने चहा प्यायला होता.

तो दिवस लख्ख उन्हाचा होता. दुपारची वेळ. बायांनी मैदानात गोधड्या वाळत घातल्या होत्या. जयवंती आणि भागी पायरीवर तांदूळ निवडत होत्या. आवाज आधी आलाच नाही. आधी ऐनाची झाडं चालायला लागली. उभीच्या उभी, सावकाश, मिरवणूक निघावी तशी. मग ग्रीनचा काळा डाग मधोमध दुमडला, आणि मग तो आवाज आला, ढगासारखा नाही, जमिनीच्या पोटातून येणारा, जो कानांआधी दातांना कळतो. सगळा उतार एक अंग असल्यासारखा खाली सरकला. आत मुरलेल्या पाण्याचं लाल तोंड फुटलं. घरं दिसत होती, आणि मग नव्हती. कच्च्या मातीचा वास दरी ओलांडून आला.

जयवंतीच्या छातीतली कुठलीतरी गाठ सुटली. कित्येक महिन्यांचा कोंडलेला श्वास एकदम बाहेर पडला, गाल वर ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. "पडला," ती मोठ्याने म्हणाली. "पडला!"

नवसू खाली गेला होता, हे तिला त्यानंतर आठवलं.

ती वळली. भागी डोंगराकडे पाहत नव्हती. मांडीवर सूप तसंच धरून ती जयवंतीच्या तोंडाकडे बघत होती.

मग सगळीकडे ओरडा झाला. भागी उठली, सूप सांडलं, ती अनवाणी उतारावरून पळत सुटली, तिच्यामागे बाकीचे. जयवंतीही धावली, किती धावली, कुठून, तिला पुढे कधी आठवलं नाही. नाल्याच्या अंगाने नवसू वर येत होता. कंबरेपर्यंत चिखल, अंगात सदरा नाही. बैल आधीच सोडून तो पलीकडच्या खाचरात बांध बघायला गेला होता. भागीने त्याला पाहिलं, जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर, दंडावर, पाठीवर मुठी मारल्या, आणि मग खालीच बसली. पाड्यातलं एकही माणूस गेलं नव्हतं. घरं गेली, खाचरं गेली, दोन म्हशी गेल्या, झरा गेला.

उन्हं कलायच्या आत गाड्या आल्या. कॅमेरे आले. पंकज रडत रडत सगळ्यांना सांगत होता, "या मॅडममुळे. या मॅडममुळे." माणसं जयवंतीच्या पाया पडत होती. धोंडीबाईने तिच्या चेहऱ्यावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. रोहिदासचा फोन आला, तो नुसता "जयू, जयू" करत राहिला. ती सगळ्यांना हो हो म्हणत होती आणि गर्दीत भागीला शोधत होती.

भागीच आली शेवटी. गर्दी पांगल्यावर, हातात कोऱ्या चहाचा पेला घेऊन. जयवंतीच्या हातात पेला देऊन ती थोडी लांब, पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकली. दोघीही समोर, जिथे उतार होता तिथे, बघत राहिल्या.

"मावशे," जयवंती म्हणाली, "मी मघाशी..."

"पी. गार होईल."

जयवंतीने घोट घेतला. भागीने सांडलेल्या तांदळातले चार दाणे पायरीवरून वेचले, पदराच्या टोकात ठेवले आणि उठली.

"आता लागंल तुला झोप," ती म्हणाली, आणि पोरांना जेवायला वाढायला आत गेली.

त्या आवाजात राग होता की माया, हे जयवंती कितीतरी वेळ चाचपत राहिली. आणि त्या रात्री तिला झोप लागली. गाढ, स्वप्नाशिवाय, उघड्यावर आलेल्या माणसांच्या मधोमध, लहान पोराला लागावी तशी. ही गोष्ट तिने रोहिदासलाही कधी सांगितली नाही.